लाल शाईतलं उत्तर

धुळे, ४ जानेवारी २०२५

ती. स्व. सुनंदाआत्यास,
नवलचा सा. न. वि. वि.

माणसाला पत्र लिहायला बसवणारी जगात तूच एक उरलीस. मोबाईलवरच्या अंगठ्याला तू उत्तर देत नाहीस, म्हणून मी पोस्टाच्या रांगेत.

बातमी मोठी आहे. कोच तोताराम सरांनी एप्रिलमध्ये लढत ठरवत आणली आहे. मिडलवेट बॉक्सिंगचा पट्टा, अकरा वर्षांपूर्वी माझ्या हातून गेला तोच. समोरचा चोवीस वर्षांचा आणि मी एकोणचाळीसचा, हे तू लिहिण्याआधी मीच लिहितो. कामिनी नको म्हणते. पण लेक भूमिका बारा वर्षांची झाली आणि तिने बापाला फक्त हरताना पाहिलंय. एकदा जिंकतो आणि ग्लोव्हज खुंटीला टांगतो. आबा गेल्यापासून तुझ्या होकाराशिवाय मी रिंगमध्ये उतरलेलो नाही, म्हणून विचारतो.

एक गंमत सांगतो. काल साक्रीच्या बाजारात भाजीवाल्या भिकुबाईने मला ओळखलं. म्हणाली, भाऊ, तू तोच शे ना, टीव्हीवर मार खास तो? ले, मेथीनी जुडी फुकट ले, अंगमा ताकद ई. मी दोन घेतल्या.

लोभ आहेच, सोबत होकारही येऊ दे.
तुझा
नवल

जळगाव, ९ जानेवारी

चि. नवल यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र नेहमीप्रमाणे लाल शाईने तपासून परत पाठवते आहे. सतरा चुका. ओळी उजवीकडे अशा घसरल्या आहेत की आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरनी तुला बाकावर उभं केलं असतं. अक्षर कधीपासून बिघडलं?

उत्तर: नाही. तुझ्या आबाने, म्हणजे माझ्या शहाण्या भावाने, दीपनगरच्या कॉलनीत तुझ्या हातात ग्लोव्हज दिले तेव्हा मी त्याच्याशी सहा महिने बोलले नव्हते. पुढे तुझी कपाटभर पदकं पाहून गप्प बसले, ही माझी चूक. एकोणचाळिसाव्या वर्षी डोक्यावर ठोसे खायला तुला मी होकार द्यायचा? तोताराम स्वतः उतरतो का रिंगमध्ये? तो कोपऱ्यात टॉवेल घेऊन उभा राहणार. फार शौर्याचं काम आहे ते.

भिकुबाईवर मात्र मी घरात एकटीच मोठ्यांदा हसले. तुझी पारख केली ती त्या एका बाईने.

कामिनीला आशीर्वाद, भूमिकेला पापा. माया आहे म्हणून बोलते. नसती तर शुभेच्छा दिल्या असत्या.
सुनंदाआत्या

धुळे, २ फेब्रुवारी

ती. स्व. आत्यास,
नवलचा सा. न. वि. वि.

तुझी लाल शाई पोचली. आत्या, ऐक तरी. सरांच्या ओळखीच्या डॉक्टरांनी मला तपासलं. बोटं किती ते विचारलं, एका पायावर उभं केलं, दाखला दिला. रोज पहाटे दहा किलोमीटर पळतो. वजनही उतरलं. डोकं थोडं दुखतं, पण ते उन्हामुळे. अर्जावर सही करायची मुदत महिनाअखेर आहे. आबा असते तर हो म्हणाले असते.

जाऊ दे, तुला हसवतो. काल साक्रीच्या बाजारात भाजीवाल्या भिकुबाईने मला ओळखलं. म्हणाली, भाऊ, तू तोच शे ना, टीव्हीवर मार खास तो? ले, मेथीनी जुडी फुकट ले, अंगमा ताकद ई. मी दोन घेतल्या.

राग सोड, लोभ सोडू नकोस.
नवल

जळगाव, ६ फेब्रुवारी

चि. नवल यास आशीर्वाद.

या पत्रातल्या चुका मी मोजल्या नाहीत. ते तसंच परत पाठवते आहे. मागच्या महिन्यात तपासून पाठवलेलं पत्र काढ. दोन्ही पत्रं टेबलावर शेजारी शेजारी ठेव, कामिनीला जवळ बसव आणि शेवटचा परिच्छेद दोन्हीकडे वाच.

छत्तीस वर्षं शाळेत काढली. नक्कल केलेला पेपर मला लांबून कळतो. पण तू नक्कल केलेली नाहीस, नवल. मूळ पत्र माझ्याकडून आलेलं तुझ्याच घरात होतं आणि तरी तू मला तो किस्सा नव्याने सांगितलास. मला हसू आलं नाही. मी दोनदा वाचलं आणि चहा तसाच निवला.

बोटं मोजणं ही बालवाडीची परीक्षा आहे. मेंदूच्या डॉक्टरकडे जा. तोतारामच्या ओळखीचा नको, कुणाच्याच ओळखीचा नको. भूमिकेने तुला जिंकताना पाहिलं नाही म्हणतोस. तिने तुला तिचं नाव आठवताना पाहावं, एवढंच मला हवं आहे.

उशीर करू नकोस.
सुनंदाआत्या

धुळे, २८ फेब्रुवारी

ती. स्व. आत्याबाईंना,
कामिनीचा सा. न. वि. वि.

दोन्ही पत्रं आम्ही शेजारी ठेवून वाचली. त्यांनी शेवटचा परिच्छेद बोट ठेवून पुन्हा वाचला. मग म्हणाले, भिकुबाई खरंच भेटली होती ना? मी हो म्हटलं.

तुमच्यापासून लपवलं, माफ करा. दिवाळीनंतर ते साक्रीला निघाले आणि भलत्याच दिशेला, शिंदखेड्याच्या स्टँडवर उतरले. तिथून मला फोन केला, की मी इथे कशाला आलोय ते सांग. मी कामाचा ताण समजले, किंवा तसं समजायचं ठरवलं.

नाशिकला मेंदूचा फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, वर्षानुवर्षांच्या ठोशांची इजा आहे. गेलेलं परत येणार नाही, पुढे आणखी जाईल. आता डोक्याला एकही ठोसा नको. यांनी घरी येऊन लढतीचा अर्ज आपल्या हाताने फाडला. तोताराम सरांनी आठवड्यात दुसरा बॉक्सर शोधला.

आत्याबाई, अर्ज फाडला तो अठरा तारखेला. आज सकाळी त्यांनी खूश होऊन मला एक पाकीट पोस्टात टाकायला दिलं. उघडंच होतं, मी वाचलं. पट्ट्याची लढत ठरतेय, तुमचा होकार हवा, आणि शेवटी भिकुबाई. मला ते फाडवलं नाही. सोबत जोडलं आहे. काय उत्तर द्यायचं ते तुम्हीच ठरवा.

आमच्यावरची सावली काढून घेऊ नका.
कामिनी

जळगाव, ४ मार्च

चि. नवल यास अनेक अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. बातमी खरंच मोठी आहे. भिकुबाईच्या गमतीवर मी पोट धरून हसले. शेजारच्या धापूबाईंना बोलावून वाचून दाखवली, त्याही हसल्या. दोन जुड्या घेतल्यास ते बरं केलंस.

लढतीचं विचारलंस. नाही, बाळा. कारणं लांबलचक आहेत, तुला कंटाळा येईल. आत्या नाही म्हणाली, एवढं पुरे. हे पत्र कामिनी कपाटाच्या दारावर चिकटवेल.

यावेळचं तुझं पत्र मी परत पाठवत नाही. त्यात चुका आहेत, असू देत. ते मी माझ्याकडेच ठेवून घेते आहे.

तुला पुन्हा विचारावंसं वाटलं तर खुशाल विचार. मी लगेच उत्तर देईन.

लोभ इथे आहे, तू फक्त लिहीत राहा.
तुझी
सुनंदाआत्या