गिरणीचा तिसरा भाग

पाटोदा,
मंगळवार, ४ नोव्हेंबर २०२५

चि. सत्यम,

अनेक आशीर्वाद. तुझ्यापेक्षा चारच वर्षांनी मोठा, त्यामुळे आशीर्वाद लिहिताना अवघडतं. पण नमस्कार लिहिला असता तर तू हसला असतास. इकडे सगळे बरे आहेत. शिक्रापूरला तुझी खोली बदलली असं काकूंकडून, तुझ्या मायकडून, कळलं. नवा पत्ताही त्यांनीच दिला.

फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर तुझा आवाज आला की मी पावसापाण्याचं विचारतो आणि ठेवून देतो. तीन वर्षं असंच चाललंय, तुझ्याही लक्षात आलं असेल. कागदावर निदान समोरून कुणी ‘हां, बोल’ म्हणत नाही.

तर इकडची खबर. यंदा पाऊस लई झाला. नदीकाठची रानं खरवडून गेली. अण्णा अजून मेंढरांमागे जातात. तुमचं वय झालं म्हटलं की म्हणतात, ‘पोरगा दुकानात बसला, मग कोण जाईल, तुझा बाप?’ आणि आपणच हसतात. सतरा मेंढ्या व्यायल्या. धर्मराज तात्यांच्या शेतात यंदाही कळप बसवला नाही. त्यांच्या विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीची कडी आतून अडकली, मला दार उघडता आलं नाही, म्हणून बिबट्याच्या तावडीत तू सापडलास आणि हात कायमचा अधू झाला, हे अण्णांच्या डोक्यातून जात नाही. तात्यांनी दोनदा निरोप पाठवला, खताला मेंढरं बसवा म्हणून. अण्णांनी उत्तरही दिलं नाही. तुझी माय तर त्यांच्या दारावरून जाताना तोंड फिरवते.

माझं ऑनलाइन कामांचं दुकान बरं चाललंय. सकाळी फॉर्म, दाखले, झेरॉक्स. दुपारी एक ते चार कुणी फिरकत नाही. तेव्हा मी शटर अर्धं ओढून गेम खेळतो. बत्तिसाव्या वर्षी गेम खेळतो म्हणून अण्णा बोलतात, पण मला त्याचं काही वाटत नाही.

त्या गेमचे तीन भाग आहेत. नाव इंग्रजी आहे, नीट उच्चारता येत नाही. मी ‘गिरणी’ म्हणतो, कारण तिन्ही भाग एका बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीत घडतात. मोठी, पाच मजली गिरणी. बाहेर सतत धुकं. पत्र्यावर पाणी ठिबकतं, कुठेतरी वरच्या मजल्यावर पट्टा आपोआप फिरायला लागतो आणि थांबतो. सगळीकडे पीठ सांडलेलं. गिरणीत कुणीतरी सतत आपल्या मागावर असतं, त्या पिठात त्याची पावलं उमटलेली दिसतात. माझीही उमटतात, हे मला दहा वेळा मेल्यावर कळलं.

त्याच्याशी लढता येत नाही. बंदूक नाही, काही नाही. एक कंदील, त्यातलं तेल मोजकं. भूक लागते, जखम चिघळते. पळालं की आवाज होतो, उभं राहिलं की थंडीने हात थरथरतात आणि कंदील हलतो. शेगडी पेटवली तरच आतापर्यंतचा खेळ जपला जातो, आणि तिला काडी लागते. काडी सहसा नसते. मग मेलं की तीन-चार तास पाण्यात. पहिला भाग संपवायला मला पाच महिने लागले. दुसरा त्याहून वाईट.

असलं कशाला खेळतोस, असं तू विचारशील. मजा येते असं म्हणता येणार नाही. पण तिथे बसलो की बरं वाटतं. त्या गिरणीतला उजेड मला आवडतो, पिठाच्या धुळीतून खाली येणारा. तिथे मला कुणी शाबासकी देत नाही. चूक केली की ती लगेच समोर येते.

तिसऱ्या भागात मात्र मी सव्वा महिना अडकलो. त्या भागात तुमच्याबरोबर एक सोबती असतो, गिरणीतला कामगार. दुसऱ्या मजल्यावर दोघांची ताटातूट होते. तुम्ही एका कोठीत शिरून आतून अडसर लावता. थोड्या वेळाने तो बाहेरून दार वाजवतो. उघडायचं की नाही ते तुमच्यावर. नाही उघडलं तरी गेम अडत नाही, पुढे जातो. फक्त त्यानंतर कुठल्याही मजल्यावर गेलं तरी अधूनमधून ती ठकठक ऐकू येते. मी दर वेळी न उघडता पुढे जायचो, ठकठक सुरू झाली की मुद्दाम मरायचो आणि पुन्हा त्याच दारापाशी यायचो.

मागच्या गुरुवारी तुझी माय आली होती, निराधार योजनेच्या केवायसीसाठी. काम करून करून काकूंचा अंगठा इतका घासलाय की यंत्रावर उमटेना. मी म्हटलं, बसा, सर्व्हर पण हळू आहे. गेम बंद करायचा राहिला होता. स्पीकरमधून ठकठक सुरू झाली.

‘कोण वाजवतंय रे?’ काकूंनी बाहेर बघितलं.

‘बाहेर न्हाई काकू. ह्याच्यात हाय.’

त्या खुर्ची ओढून पडद्यासमोर आल्या. ‘मग उघड की. कावून बसलास असा?’

‘उघडलं तर त्याच्या मागचं बी आत येतंय.’

‘मग येऊ दे. तुमी दोघं हायेत की.’

काकू थोडा वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘लई येळ वाजवतोय बिचारा.’ आणि अंगठा पदराला पुसून पुन्हा यंत्रावर ठेवला. या खेपेला उमटला.

आणखी एक गोष्ट लिहायची होती. कागद उरलाय, पण आज लिहीत नाही. जेवण वेळेवर करत जा.

तुझा,
बंकटदादा


पाटोदा,
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

सत्यम,

तुझा फोन आला तेव्हा दुकानात माणसं होती, म्हणून तुटक बोललो. ‘गेमचं सांगायला पत्र लिहितंय का कुणी बे? खरं काय ते लिही,’ म्हणालास. बरोबर आहे. लिहितो.

आधी गेमचं संपवतो, कारण पुढचं त्याशिवाय तुला कळणार नाही. काकू गेल्यावर मी ते दार उघडलं. दोघंही मेलो. पुन्हा उघडलं, पुन्हा मेलो. अकरा वेळा. मला वाटलं, हे असंच बनवलंय, उघडा किंवा न उघडा. बाराव्या वेळी मी विचार न करता पहिल्याच ठकठकीला अडसर काढला. तो आत आला, आम्ही दोघांनी दाराला खांदा लावला आणि अडसर पुन्हा बसला. बाहेरच्याने दोन धडका दिल्या आणि तो निघून गेला. सोबती पिठात फतकल मारून बसला आणि धापा टाकत राहिला. तेवढंच. शाबासकी नाही, काही नाही.

म्हणजे वेळ होता. आधीच्या अकरा वेळा मी उघडण्याआधी थांबत होतो, म्हणून मरत होतो.

आता कडीचं.

सत्यम, त्या दिवशी कडी अडकली नव्हती.

संध्याकाळचे साडेपाच झाले असतील. बिबट्याने कोकरू उचललं, मेंढरं एकमेकांवर पडली, मी पळालो. तू लंगडी मेंढी खांद्यावर घेतली होतीस, म्हणून मागे राहिलास. मी तात्यांच्या मोटारीच्या खोलीत शिरलो आणि आतून कडी घातली. तू आलास, दारावर हात मारलेस. ‘दादा, उघड’ म्हणालास. दाराच्या फळीत बोटभर फट होती. मी फटीतून बघत होतो. तू पहिल्यांदा हाक मारलीस तेव्हा बिबट्या बांधाच्या पलीकडे होता. कोकरू तिथेच टाकून तुझ्याकडे बघत होता, अजून निघालाही नव्हता. माझा हात कडीवर होता. कडी गुळगुळीत होती, तेल दिल्यासारखी. मी ती काढली नाही.

तू चार वेळा हाक मारलीस. चौथ्या हाकेच्या मध्येच तो आला.

कुत्री धावून आली आणि तो गेला, तेव्हा मी दार उघडलं. तू शुद्धीवर नव्हतास. तुला पाठीवर घेऊन डांबरी रस्त्यापर्यंत आलो, ते खरं आहे. दवाखान्यात कुणीतरी विचारलं, तू कुठं होतास? मी म्हटलं, आत होतो, कडी अडकली, निघंना. विचार करून बोललो नाही, तोंडातून तेच आलं. मग ते सगळीकडे झालं. भावाला पाठीवर आणलं म्हणून गावाने माझा सत्कार केला, फेटा बांधला. तू तेव्हा खाटेवर होतास. पोलीस भरतीची तुझी तयारी त्याच महिन्यात संपली, आणि मी फेटा बांधून फोटो काढला. तो फोटो अण्णांनी चौकट करून भिंतीवर लावला होता.

भीती वाटली होती का, तर हो. पण भीतीने हात आखडला असं मी म्हणणार नाही. हात हलत होता. मी ठरवलं होतं.

काल मी धर्मराज तात्यांकडे गेलो. ते विहिरीवर होते. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, ‘मी दोनदा कडी काढून बघितली, बंकट. दोन्ही येळंला सरळ निघाली. मग मलाच वाटाय लागलं, अडकत असंल तर? आपल्याच ध्यानात आलं नसंल तर? शेवटी नवी बसविली. पोराचा हात आपल्यापायी गेला म्हणून मी तीन वर्सं तुझ्या चुलतीला तोंड दाखवलं न्हाई.’

मी म्हटलं, ‘तात्या, चुकलं माझं.’

‘ते मला कावून सांगतोस? घरी जाऊन सांग. आत्ताच्या आत्ता जा.’

घरी अण्णा आणि काकू दोघं ओसरीवर होते. अण्णांनी ऐकलं आणि उठून मेंढरांकडे गेले, जेवायलाही आले नाहीत. सकाळी बघितलं तर भिंतीवर फक्त खिळा होता. अजून माझ्याशी बोललेले नाहीत.

काकू शेंगा फोडत होत्या. त्यांचे हात थांबले नाहीत.

‘त्यानं हाक मारलती का?’ त्यांनी विचारलं.

‘मारली.’

‘काय म्हणला?’

‘दादा, उघड म्हणला.’

‘किती येळा?’

‘चार.’

त्यांनी आणखी मूठभर शेंगा फोडल्या. मग म्हणाल्या, ‘म्या आजवर तुझं नाव घेऊन दिवा लावलाय. माझं लेकरू आणलंस म्हणून.’ त्यांनी टरफलं सुपात गोळा केली. ‘सत्यमला मी सांगणार न्हाई. ते तुझं काम. अन् त्यानं तुला माफ करावं असं बी मी त्याला सांगणार न्हाई. ते त्याचं काम.’

उठताना त्यांनी फोडलेले दाणे माझ्यासमोर ठेवले. का ठेवले ते कळलं नाही. मला खाववले नाहीत.

आज पहाटे त्या तात्यांच्या घरी जाऊन आल्या. एकट्याच गेल्या. तिथे काय बोलणं झालं ते मला सांगितलं नाही.

माफी मागायची तर ती पत्रात मागू नये असं मला वाटतं. पत्र फाडता येतं, माणसाला निदान समोर उभं करून बोलता येतं. म्हणून येत्या ७ डिसेंबरच्या रविवारी मी पुण्याच्या एस.टी.ने निघतोय. शिक्रापूरच्या चौकात साडेअकराच्या सुमारास उतरीन. तुझ्या खोलीवर येणार नाही. चौकातच थांबतो, दुपारी चारपर्यंत. तू आलास तर जे बोलशील ते ऐकून घेईन, हात उगारलास तर तोही. नाही आलास तर परतीची गाडी धरीन आणि पुन्हा फोन करणार नाही. तू आपण होऊन केलास तरच उचलीन.

हे वाचून झाल्यावर काकूंना एक फोन कर. माझ्याबद्दल काही बोलू नकोस. नुसता आवाज ऐकव.

तुझा कोण लागतो ते या वेळी मी लिहीत नाही.

बंकट