एका झटक्यात बालपण

२ मार्च
पुढच्या महिन्यात सासूबाईंना पंचाहत्तर पूर्ण. वाढदिवसाला पुस्तक : आठवणी त्या सांगणार, मी टाइप करणार. मीच पुढे होऊन पत्करलं. बायको म्हणाली, लवकर उरक, हल्ली आई विसरायला लागलीय. म्हटलं, एडिटर सॉफ्टवेअरचा हेडिंगवार मांडायचा आउटलाइन मोड म्हणजे माझ्या हातचा मळ.

५ मार्च
हेडिंग्ज तयार. बालपण, शिक्षण, घर, नोकरी, नातेवाईक, अशी चाळीसेक. बायकोने विचारलं, मजकूर? आधी पाया, मग भिंती. ही रोजनिशीही त्याच फाइलीत, सगळ्यात वर. एक माणूस, एक फाइल.

११ मार्च
एका हेडिंगवरून दुसऱ्यावर जायचं तर एडिटर अख्खी फाइल चाळत बसतो. अर्धा सेकंद! अशाने पुस्तक व्हायचं कधी? उपाय : कॅश. कुठलं हेडिंग कितव्या ओळीवर, ते एकदाच मोजून साठवायचं. मग थेट उडी. तोवर लिखाण बंद. सुरू नव्हतं, पण तत्त्वतः बंद.

१९ मार्च
जमलं! बटण दाबलं की 'बालपण'. बायकोला दाखवलं. म्हणाली, तिथे काहीच नाही. तिला वेग दिसत नाही. कॅश सारखी ताजी करण्यात वेळ जातो. ही नोंद झाली की शेवटचं मोजून घेतो आणि ते बंदच करतो. हेडिंग्ज काय पळून जाणार आहेत?

२८ मार्च
सासूबाईंना बसवलं. बोलण्याला शेंडा ना बुडखा. बालपण विचारलं, तर घर बदललं त्या दिवसाचं काढलं. स्वयंपाकघराच्या चौकटीवर दोघा भावंडांच्या उंचीच्या खुणा होत्या. निघताना वडिलांनी करवत आणून चौकटीचा तेवढा तुकडा कापून घेतला. घरमालक ओरडत होता. धाकट्या भावाच्या खुणा सासूबाईंच्या खांद्याखालीच थांबलेल्या. पुढे वाढायला तो राहिलाच नव्हता. मी विचारलं, हे 'बालपणा'त घालू, 'घरा'त की 'नातेवाइकां'त? म्हणाल्या, राहू द्या जावईबापू. हेडिंग ठरेना, म्हणून घेतलं नाही.

९ एप्रिल
सासूबाई आता बसतच नाहीत. गुडघे दुखतात म्हणे. सहकार्य शून्य. दरम्यान हेडिंग्जना रंग दिले. निळा फार उठून दिसतो.

२१ एप्रिल
काल वाढदिवस. लॅपटॉप टीव्हीला जोडला. सगळे समोर. ऐटीत 'बालपण'चं बटण दाबलं.

मधल्या काळात रोजनिशी वाढली, हेडिंग्ज खाली सरकली. कॅशला त्याचा पत्ताच नाही. जिथे 'बालपण' होतं, तिथे आता २८ मार्च. मेव्हण्याने मोठ्याने वाचायला घेतलं. 'शेंडा ना बुडखा'ला हशा पिकला. मी बंद करायला धावलो, तर सासूबाई म्हणाल्या, वाचू दे त्याला.

करवतीपाशी मेव्हण्याचा आवाज उतरला. शेवटच्या ओळी त्याने मनातच वाचल्या. बायकोने आईला विचारलं, तुला भाऊ होता? सासूबाई म्हणाल्या, एकदा सांगायला घेतलं होतं.

मला फार लाज वाटली. टीव्ही बंद केला.

२२ एप्रिल
सासूबाई, बायको, मेव्हणा सकाळपासून आतल्या खोलीत. चौकटीचा तुकडा कपाटामागून निघालाय. दार लोटलेलं आहे. मला बोलावलेलं नाही. बोलावतील. हेडिंग्ज लागतीलच त्यांना.

तोवर कॅश ताजी केली. आता बटण दाबलं की बरोबर 'बालपण'. निळ्या अक्षरांत. खाली काही नाही.