पहिल्या खाचेतले कार्ड

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, वजनमापे निरीक्षक म्हणून निवृत्त, राहत्या घरी जेवणाच्या टेबलावर बसून हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. साखर थोडी वाढलेली आहे, पण तिचा विचार करण्यावर परिणाम नाही असे शेजारचे डॉक्टर म्हणतात, व तेच साक्षीदार आहेत. मला कोणी भरीस घातलेले नाही. तेवढे माझ्याशी कोणी बोलत नाही, आणि त्यात दोष माझाच आहे.

माझी पत्नी सहा वर्षांपूर्वी वारली. मागे एक मुलगा व एक मुलगी. खाली त्यांना थोरला व धाकटी असे म्हटले आहे.

१. राहते घर दोघांना समान. मागच्या खोलीच्या खिडकीची कडी किंचित वर उचलून लावावी लागते. घर विकलेच, तर घेणाऱ्याला हे आधी सांगावे.

२. बँकेतील ठेवी दोघांना समान. कागद लोखंडी कपाटात, वरच्या कप्प्यात आहेत.

३. पितळी वजनांची पेटी थोरल्याला. ती सरकारी नाही, लिलावात रीतसर घेतलेली आहे व पावती पेटीतच आहे. एक ग्रॅमचे वजन त्यानेच लहानपणी हरवले. आता शोधू नये.

४. ट्रायपॉड. तो माझ्या मेव्हण्याने "दोन दिवसांत आणून देतो, भावजी" असे म्हणून नेला. त्याला सात वर्षे झाली. तो त्यालाच देत आहे. म्हणजे निदान आता तरी तो त्याचा होईल.

५. कॅमेरा, दोन लेन्स, दोन बॅटऱ्या व पिशवी धाकटीला.

हा कॅमेरा पत्नीचा. तिचे शिलाईचे दुकान होते. साठाव्या वर्षी तिने ते आपल्या हाताखालच्या बाईंना सोपवले आणि हा मिररलेस घेतला. "आयुष्यभर सुईत दोरा ओवला, आता जरा लांबचं बघते," म्हणाली. मी चालवताना चुकायचो म्हणून तिने काही सूचना लिहून पिशवीच्या झाकणाला आतून चिकटवल्या. धाकटीला त्यांची गरज नाही, तिला माझ्यापेक्षा पुष्कळ कळते. तरी कागद काढून टाकू नये. सूचना अशा:

डोळा लावायच्या खिडकीशेजारचे बारीक चाक आपल्या नंबराप्रमाणे फिरवून घ्यावे. (मी तीन दिवस कॅमेरा बिघडला असे समजून बसलो होतो. तिच्या नंबराने मला धूसर दिसत होते, इतकेच.)

लेन्स बदलताना कॅमेरा बंद व तोंड खाली. आत आरसा नाही, सेन्सर उघडाच असतो, धूळ थेट त्यावर बसते. "अहो, तोंड खाली!" असे ती ओरडायची. पाहुण्यांना वाटायचे, मलाच दटावते आहे.

बिनआवाजाचे सेटिंग ट्यूबलाइटखाली वापरू नये, फोटोत पट्टे येतात. (मी दोन ट्यूब बदलल्या.)

चालताना कॅमेरा बंद ठेवावा. पडदा सतत चालू राहिला की बॅटरी संपते. दुसरी बॅटरी खिशात हवी.

आणि सर्वांत वर, लाल शाईने: बाहेर पडण्याआधी कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावे.

६. आता कार्डाबद्दल. हे कलम लिहायचे म्हणूनच मृत्युपत्राला बसलो.

पत्नी शेवटचे दोन महिने अंथरुणाला होती. धाकटी तेव्हा समारंभांचे फोटो काढून पोट भरत असे. ती रोज येऊन याच कॅमेऱ्याने आईचे फोटो काढायची आणि ही पडल्या पडल्या शिकवायची. "फोकस डोळ्यावर ठेव गं. नाकावर नको, तसंही ते सगळ्यांच्या आधी येतं फोटोत." दोघी हसायच्या. मी दारात उभा असायचो.

ते फोटो धाकटीने संगणकावर उतरवले नाहीत. मी एकदा विचारले तेव्हा म्हणाली, "उतरवून घेतले की संपल्यासारखं वाटतं, बाबा." आई गेल्यावर तर तिला पिशवीकडे बघवेना.

तीन आठवड्यांनी दुकानाच्या बाई शिलाई मशीन न्यायला येणार होत्या. त्याआधी मशीनचे फोटो काढावेत असे मला वाटले. झाकण उघडले, लाल शाईतली सूचना वाचली आणि कार्ड फॉरमॅट केले. "खात्री आहे का?" असे कॅमेऱ्याने विचारलेही. मी हो म्हटले. तिने लिहिले होते ना. फॉरमॅट करण्याआधी फोटो उतरवून घ्यायचे असतात हे तिने लिहिले नव्हते, कारण ते काम ती स्वतःच करायची. मग मशीनचे सदतीस फोटो काढले. संध्याकाळी बघायला बसलो तर कार्डात तेवढेच होते.

धाकटी कार्ड मागायला आली तेव्हा मी सांगितले, कार्ड उघडत नाही, कॅमेऱ्याच्या दुकानात दाखवले, दुकानदार म्हणाला गेले. "मी एकदा बघू?" म्हणाली. मी म्हटले, टाकून दिले. या तिन्ही गोष्टी खोट्या आहेत.

थोरला तिला सगळ्यांदेखत बोलला. "कॅमेऱ्यात कार्डाच्या दोन खाचा कशाला असतात? दोन्ही कार्डांवर एकदम उतरायचं साधं सेटिंग लावता आलं नाही, आणि म्हणे फोटोग्राफर!" दुसरी खाच रिकामी होती हे खरे. कार्ड मी कोरे केले हे मी तेव्हाही सांगितले नाही. पुढच्या वर्षी तिने स्वतःचा कॅमेरा विकला आणि विमा कचेरीत कारकुनी धरली. भाऊबहीण तेव्हापासून कामापुरते बोलतात.

मी चौतीस वर्षे दुकानदारांच्या तागड्या तपासल्या. कोणाचे पारडे किती ग्रॅमने खोटे ते सांगायचो.

दोन वर्षांनी एका कॅमेरे दुरुस्त करणाऱ्याला, नातेवाइकाची गोष्ट म्हणून, विचारले. तो म्हणाला, "काका, फॉरमॅट म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका फाडल्यासारखं. पानं आत असतातच. वर नवीन छापलं नाही, तर बरंचसं निघतं." तेव्हा तरी कार्ड धाकटीला द्यायला हवे होते. दिले नाही. द्यायचे तर सांगावे लागले असते.

ते कार्ड माझ्या टेबलाच्या खणात पाकिटात आहे. मशीनच्या फोटोंनंतर ते मी वापरलेले नाही. ते धाकटीला द्यावे. चूक माझी होती, तिची नव्हती.

७. थोरल्याने कलम सहा वाचून बहिणीची माफी मागावी. त्याला चुकीचे कळले, ते माझ्यामुळे.

स्थळ: राहते घर. दिनांक १० मार्च २०२४.

पुरवणी, दिनांक १७ मार्च २०२४.

मागच्या रविवारी डॉक्टरांना सहीसाठी बोलावले. त्यांनी मजकूर वाचला, पेनाचे टोपण पुन्हा लावले आणि म्हणाले, "साहेब, सही मी करतो. पण सहावं कलम आधी तिला वाचून दाखवा. मग बोलवा मला."

आज धाकटी आली. मी सर्व कलमे क्रमाने वाचली. सहावे वाचताना दोनदा थांबावे लागले. संपल्यावर म्हणाली,

"म्हणजे तुम्ही गेल्यावर मला हे कळणार होतं? मग मी भांडायचं कोणाशी?"

मी कागदाची घडी घातली.

"कुठाय ते?"

मी पाकीट आणून दिले. तिने कार्ड काढून त्याच्या कडेची बारीक कळ नखाने खाली ओढली. "आता यावर नवीन काही लिहिलं जाणार नाही. सहा वर्षं ही कळ उघडी होती, बाबा." आणि कॅमेऱ्याची पिशवी खांद्याला लावली.

"दादाला मी सांगणार नाही. तुम्ही सांगायचं. आत्ता, माझ्यासमोर."

फोन लावला. थोरल्याला सांगायला चार मिनिटे लागली. मग तो म्हणाला, "तिला द्या फोन." ती फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली व दार लोटले. काय बोलले ते मला ठाऊक नाही, मी विचारलेही नाही.

जाताना मी तिला विचारले, रागावलीस का. ती म्हणाली, "हो." चपला घालून झाल्यावर म्हणाली, "उद्या कार्ड दाखवायला नेते. काही निघालं तर कळवीन. नाही निघालं तरी कळवीन."

सबब कलम पाच व सहा रद्द समजावीत. त्यातील वस्तू आजपासून माझ्या नाहीत. कलम सातचे दोघांनी बघावे. बाकी सर्व कलमे कायम.

वरील मजकूर मी वाचला, तो खरा आहे, व साक्षीदारांसमक्ष सही करत आहे.

(सही)

साक्षीदार:
१. शेजारचे डॉक्टर (सही)
२. शिलाई दुकानाच्या सध्याच्या मालकीणबाई (सही)