पंखे तर फिरतायत

१ मार्च, शनिवार
नव्या कॉम्प्युटरचे सगळे भाग घरी आले. दुकानदार म्हणाला, तासाभरात जोडून देतो, वेगळे पैसे नकोत. तिथेच मी त्याला ओळखलं. स्वतः जोडणाऱ्या माणसाची या लोकांना धास्ती असते.

लेकीला चार मिनिटांची ॲनिमेशन फिल्म करून पाठवायची आहे. शेवटची तारीख २० मार्च. वेळेत गेली तरच तिला हव्या त्या कॉलेजात मुलाखतीला बोलावतील. जुना कॉम्प्युटर ऑफिसातल्या शिपायाला देऊन टाकला. नवा उद्या संध्याकाळी सुरू होणार, मग जुना कशाला अडगळीला?

मेहुणा मदतीला येतो म्हणाला. बायकोचा भाऊ आहे, कॉम्प्युटरमधलं फक्त आपल्याला कळतं असं त्याला वाटतं. नको म्हणून सांगितलं. अठरा वर्षांत लेकीसाठी मी स्वतःच्या हाताने काही केलेलं नाही, नुसत्या फॉर्मवर सह्या केल्या. हे मीच करणार.

२ मार्च, रविवार
सकाळी ८. बनियन, स्क्रूड्रायव्हर, शांत मन.

११.१५. मागची पत्र्याची पट्टी मदरबोर्डच्या आधी बसवायची असते. हे पुस्तिकेत पान सहावर आहे. मी पान चारपर्यंत वाचलं होतं. सगळं काढलं.

संध्याकाळी ५. सगळं परत बसवलं. एक स्क्रू कमी. बायकोला सोफा उचलायला लावला, लेकीला कपाटाखाली शिरायला. कंपनीनेच कमी दिला असणार. उद्या खरमरीत पत्र लिहिणे.

३ मार्च, सोमवार
बटण दाबलं. पंखे फिरले, निळे दिवे लागले. स्क्रीन काळा. म्हणजे नव्वद टक्के काम झालं.

स्क्रू माझ्याच चपलेच्या तळाला रुतलेला सापडला. पत्र रद्द.

५ मार्च, बुधवार
स्क्रीन काळाच. घरातल्या विजेत दोष असावा म्हणून वायरमनला बोलावलं. त्याने तपासून सांगितलं, वीज उत्तम आहे. वायरमन नवशिका.

लेकीने विचारलं, मी बघू का. तिची परीक्षा संपली आहे, दिवसभर घरीच असते, म्हणून ठणकावून सांगितलं की या खोक्याला माझ्याशिवाय कोणी हात लावायचा नाही.

७ मार्च, शुक्रवार
लेक म्हणाली, मॉनिटरची वायर मागे दुसऱ्या खाचेत लावून बघितली तर... वाक्य पूर्ण होऊ दिलं नाही. वायर खाचेत घट्ट बसली म्हणजे ती बरोबरच, हे तिला वीस मिनिटं समजावलं. तिने बायकोकडे पाहिलं, बायकोने तिच्याकडे. पटलं असावं.

१० मार्च, सोमवार
ऑफिसातून आलो तर खोका कोमट. बटण बंद असताना! वीज आत मुरते आहे. लक्षण चांगलं.

खुर्ची कोणीतरी उंच केली आहे. केर काढताना झाली असेल, असं बायको म्हणाली.

१२ मार्च, बुधवार
सुरू केल्यावर मिनिटभराने स्पीकरमधून टिंग असा आवाज आला. मदरबोर्ड काहीतरी सांगू पाहतो आहे. नोंद: एक टिंग म्हणजे रॅम? लेकीला त्याच वेळी जोराचा ठसका लागला.

१३ मार्च, गुरुवार
टिंग बंद. स्पीकरची वायर निघालेली होती.

सात दिवस उरलेत आणि लेक गाणं गुणगुणते आहे. मला घास जात नाही. मीटिंगमध्ये साहेबांनी काय विचारलं ते कळलं नाही, मी 'पंखे फिरतायत' म्हणालो. शर्टाची बटणं वरखाली लावून दिवसभर फिरलो. या पिढीला गांभीर्य म्हणून नाही.

१५ मार्च, शनिवार
निर्णय झाला. उद्या सगळं सुटं करून पहिल्यापासून जोडणार. जेवताना जाहीर केलं. दोघींचे चेहरे पडले.

दहा मिनिटांनी बायको म्हणाली, उद्या माझ्या भावाकडे जाऊन या, त्याचा कॉम्प्युटर अडलाय आणि त्याला तुमचाच सल्ला हवाय. उशिरा का होईना, कळलं त्याला.

१६ मार्च, रविवार
मेहुण्याने दार उघडलं आणि क्षणभर गोंधळला. मग हो हो, या या, म्हणाला. त्याचा कॉम्प्युटर व्यवस्थित चालू होता. मी नुसता समोर बसलो आणि सुरळीत झाला, असं तोच म्हणाला. संध्याकाळी सातपर्यंत मला सोडेना. मात्र दर अर्ध्या तासाने फोन घेऊन बाल्कनीत जायचा. माणूस चांगला आहे, एकाग्रता नाही.

खोका सुटा करायचा राहिला.

१८ मार्च, मंगळवार
लेक दुपारपासून गाढ झोपली आहे. बायको खुशीत. या घरात काळजी करायला मी एकटा.

२० मार्च, गुरुवार
सकाळी ७. शेवटचा दिवस. हरलो. माझ्या हट्टापायी पोरीचं वर्ष जाणार. तिच्या तोंडाकडे बघायची लाज वाटते. मेहुण्याला फोन करून त्याचा लॅपटॉप मागणार आहे. हे वाक्य तीनदा खोडून लिहिलं.

७.४०. त्याने फोन उचलला नाही. खोका दुकानात न्यायचा म्हणून वायरी काढल्या. मग शेवटचं एकदा म्हणून पुन्हा लावल्या. घाईत मॉनिटरची वायर खालच्या खाचेत गेली, ग्राफिक्स कार्डच्या. स्क्रीन उजळला. मी घर डोक्यावर घेतलं.

७.४२. पासवर्ड मागतो आहे. मी पासवर्ड ठेवलेला नाही. वर लेकीचा फोटो आहे.

८.१५. बायको हात पुसत आली, मला बाजूला सरकवलं आणि पासवर्ड टाइप केला. तिला पाठ होता. म्हणाली, फिल्म परवाच पाठवून झाली.

लेक दारात उभी होती. म्हणाली, "बाबा, तुम्ही ऑफिसला गेलात की मी वायर खाली लावायचे, आणि तुम्ही यायच्या आत परत तुमच्या खाचेत. चूक तुम्हाला स्वतःच शोधायची होती ना."

फिल्म लावायला सांगितली.

बनियन घातलेला एक टकलू माणूस हरवलेला स्क्रू गावभर शोधतो आणि स्क्रू असतो त्याच्याच चपलेच्या तळाला. कल्पनाशक्ती चांगली आहे. माणूस ओळखीचा वाटला नाही.

शेवटी नावं आली. 'संगणक जोडणी: बाबा.' तिथे थांबवून चार वेळा वाचलं. डोळ्यांत पाणी आलं. स्क्रीनचा उजेड कमी करून घ्यायला हवा.

पाचव्यांदा वाचताना वरची ओळ दिसली. 'तांत्रिक मार्गदर्शन: मामा.'

संध्याकाळी ६. दोघी बाहेर गेल्यात. निवांत बसून कॉम्प्युटर सुरू केला. पंखे फिरतायत, स्क्रीन उजळलाय. पासवर्ड मला अजून कोणी सांगितलेला नाही.