पित्तावरचा डाग

आबा, काल बीडला माझ्या हृदयाचा स्कॅन झाला. छातीला वायरी चिकटवल्या, मशीनच्या कड्यात सरकवलं, श्वास रोखायला सांगितला आणि थोड्या वेळात उठवलंसुद्धा. हृदयाला रक्त नेणाऱ्या नळ्यांत कॅल्शियम किती साचलंय ते त्यात कळतं. काहीच नसलं तर आकडा शून्य येतो. माझा बराच आला. बोअरच्या पाण्यानं हंड्याला आतून क्षार धरतो, तसे पांढरे ठिपके डॉक्टरांनी पडद्यावर दाखवले. मग विचारलं, वडील कशानं गेले?

मी म्हणालो, पित्तानं. इतकी वर्षं सगळ्यांना हेच सांगत आलोय. पण त्यांनी कुठं दुखायचं, कधी दुखायचं, सगळं खोदून विचारलं. धारूरच्या किल्ल्याकडची चढण मेंढरांमागं चढताना तुम्ही मध्येच खाली बसायचात, डावा हात चोळायचात, बंडी घामानं भिजायची. "पित्त खवळलंय, दुसरं काय न्हाई," म्हणायचात. आजारी मेंढराला आपण डाग देतो, तसा तुम्ही स्वतःलाही द्यायला लावलात. आई नको म्हणाली तर तिच्यावरच खेकसलात. विळा मी तापवला, छातीवर टेकवलाही मीच. कातडी चरचरली आणि तुम्ही दात आवळून हसलात, "लई बरं वाटतंय बग." मला तेव्हा स्वतःचा केवढा अभिमान वाटला होता.

डॉक्टर माझ्या पोरीच्या वयाचे. ऐकून हळूच म्हणाले, "काका, ते पित्त नव्हतं." मला गोळ्या दिल्या, तंबाखू सोडायला सांगितली, पोरीचीही तपासणी करून घ्या म्हणाले. म्हणजे माझ्या हातात अजून वेळ आहे. मला तिथंच रडू आवरेना. त्यांना वाटलं, मी घाबरलोय.

त्यांना सगळं सांगितलं, एक सोडून. डागाच्या तिसऱ्या दिवशी तुम्ही विचारलं होतं, "अंबाजोगाईला दाखवून येऊ का रं?" जन्मात पहिल्यांदा तुम्ही दवाखान्याचं नाव काढलं होतं. दुसऱ्या दिवशी लोकर कातरायची होती, माणसं बोलावलेली, मेंढरं धरायला तुम्ही हवे होतात. मी म्हणालो, "कातरणी होऊ द्या, परवा जाऊ." तुम्ही बरं म्हणालात. दुसऱ्या दिवशी दुपारी अर्धं कातरलेलं मेंढरू तुमच्या हातून सुटून पळालं, तेव्हा आम्ही वळून पाहिलं.

तुम्ही विचारलं होतं, हे मी आईला ती जाईपर्यंत सांगितलं नाही. आज फक्त तुम्हाला सांगतोय, आणि तुम्हाला तर ते ठाऊकच आहे.