धोंडूमामाला नवा पत्ता

अंधेरी पूर्व,
भाऊबीजेचा दुसरा दिवस

चि. नंदू यास जयूताईचे आशीर्वाद.

आई आणि मी इकडे ठीक आहोत. तू तिकडे मुलुंडला ठीक आहेस ना, हे केवळ रीत म्हणून विचारते, कारण तुझी साखर वाढलेली असताना तू चिरोट्यांवर हात मारलास हे मला आधीच कळले आहे. फोन न करता पत्र का, तर फोनवर तू नुसता ‘हो ताई, हो ताई’ करतोस आणि ऐकत काहीच नाहीस. ग्रुपवर लिहावे तर शेवंती वाचते, आणि सख्खी बहीण असली तरी हे पत्र तिला दाखवायचे नाही. का, ते शेवटी कळेल. (लगेच शेवटचे पान उघडू नकोस. शाळेतल्या पुस्तकांशीही तू हेच करायचास.)

विषय धोंडूमामाचा. दिवाळी तोंडावर आली असताना घरच्या ग्रुपवर ‘भाऊबीज आली की धोंडूमामा आठवतो’ असे लिहून हे लचांड तूच सुरू केलेस. आपली आई एकुलती एक. तिला सख्खा, चुलत, मानलेला, कसलाच भाऊ नाही. तरीही शेवंतीने लगोलग लिहिले की हो, तो पांढऱ्या कपड्यांत यायचा. तू लिहिलेस, अगदी बारीक आणि कमरेत वाकलेला. मग तुम्ही दोघांनी मिळून त्याला पुरता उभा केलात: दर भाऊबीजेला दिवेलागणीच्या सुमारास यायचा, जेवायला थांबायचा नाही, ताटातली सुपारी उचलायचा आणि निघायचा. मला विचारलेत, तेव्हा असा कोणी इसम मला आठवत नाही असे मी स्पष्ट कळवले. आजही तेच सांगते.

एरवी मी दुर्लक्ष केले असते. पण इमारत पाडायला घेतली आहे, बाकीची बिऱ्हाडे केव्हाच गेली, वर आम्ही आणि खाली आपल्याबरोबर वाढलेली बेव्हर्ली एवढेच उरलो आहोत. महिनाअखेरीला पाणी तोडणार. आणि आई म्हणते, मी नंदूकडे हलणार नाही, धोंडूला मुलुंडचा पत्ता ठाऊक नाही. आता या वयात तिला मी कोरड्या नळाखाली ठेवू की खुर्चीसकट उचलून खाली नेऊ, ते तूच सांग. तुमचा ग्रुप शेवंतीने तिला मोठ्याने वाचून दाखवला होता, तेव्हा खूळ तिथूनच शिरले असणार, असे मी धरले.

शेवंतीची जान्हवी म्हणाली, मावशी, सगळ्यांना एकच खोटे आठवणे हा प्रकार जगभर चालतो, एकाने सांगितले की दुसऱ्याचा मेंदू चित्र रंगवून देतो, त्याला एक नावही आहे. (नाव सापडले की दुखणे बरे झाले, अशी या पिढीची समजूत आहे.) मी मात्र बी.एस्सी. आहे, तीही पेपर फुटत नव्हते त्या काळातली, म्हणून स्वतः विचार केला आणि कारण काढले. भाऊ नसलेली बाई भाऊबीजेला कोणाला ओवाळते? चंद्राला. आई पश्चिमेच्या गॅलरीत ताट घेऊन उभी राहायची आणि आपल्याला सांगायची, तो बघा तुमचा मामा. द्वितीयेची कोर, म्हणजे पांढरी, बारीक, वाकलेली; सूर्यास्तानंतर जरा वेळ दिसणार आणि जेवणाच्या आधीच मावळणार. सुपारी सोडली तर एकूणएक खूण जुळली. इतका आनंद मला निकाल लागला तेव्हाही झाला नव्हता.

तो आनंद जिन्यापर्यंत टिकला. खाली बेव्हर्लीला सांगायला गेले, तर ती कपडे वाळत घालता घालता म्हणाली, “तो वाकलेला ना गो? डॅडीने त्याला काठी दिलेली. जिना चढताना धाप लागायची त्याला.” तिच्याकडे भाऊबीज नाही, तिला कोणी चंद्र दाखवला नाही, आणि ती आपल्या ग्रुपवरही नाही. मी वर आले आणि तरीही आईला माझा शोध समजावून सांगितला, कारण अर्धवट काम मला जमत नाही. तिने शांतपणे सगळे ऐकून घेतले.

“चंद्राला ओवाळायचं ते मला शिकवतेस?” ती म्हणाली. “तो मावळला, मी ताट खाली ठेवलं, की तुम्ही पोरं धावत जाऊन दार कुणाला उघडायचात, ते सांग.”

मी भांडी घासायला घेतली. ती घासलेलीच होती.

कालची हकीकत अशी. पश्चिमेला आता तो टॉवर उठला आहे, हिरव्या जाळीत गुंडाळलेला, त्यामुळे चंद्र दिसायचा प्रश्नच नव्हता. आईला मी धरून गॅलरीत नेले. तिने त्या जाळीलाच कुंकू दाखवले, अक्षता उडवल्या, ओवाळले. मग तिला खुर्चीत बसवून, ताट तिच्या मांडीवर देऊन मी कणीक मळायला आत गेले. पुढचे नीट वाच. आपली बेल बंद आहे, तार कामगारांनी कापली आहे. दारावर थाप पडली नाही. कोणी हाकही मारली नाही. पण मी भानावर आले तेव्हा उंबऱ्यात उभी होते, कडी काढलेली, हातांना कणीक लागलेली. सवय, असे मी स्वतःला बजावले. पण कशाची सवय? जिना रिकामा होता. तेवढ्यात खालचेही दार उघडले आणि बेव्हर्लीने विचारले, “जयू, आला का गो?”

कोणी नाही, असे मी तिला ठणकावून सांगितले. आतून आई म्हणाली, “त्याला म्हणावं, पुढच्या वर्षी मुलुंड.”

नंतर ती पोटभर जेवली आणि निघायला तयार झाली. अट एकच, पत्ता दारावर लिहायचा. तेव्हा आज सकाळी तुझ्या ज्येष्ठ, पदवीधर बहिणीने खडू घेऊन दारावर तुझा संपूर्ण पत्ता ठसठशीत अक्षरांत लिहिला, डावीकडचे दार हेसुद्धा. इमारत पडल्यावर दार राहणार नाही, हे मला कळते. आईलाही कळते.

घरातल्या सर्वांना आशीर्वाद. साखर सांभाळ.

तुझी,
जयूताई

ता. क. रविवारी टेम्पो घेऊन ये. तुझ्या गॅलरीतल्या कुंड्या हलव, तिथून पश्चिम दिसली पाहिजे. हे आईसाठी.

ता. क. दुसरा. ताटातली सुपारी सापडली नाही. उंदीर म्हणशील. मीही तेच म्हणते.

ता. क. तिसरा, आणि पत्र याचसाठी. तो सुपारी कोणत्या हाताने उचलायचा, ते शेवंतीला न विचारता मला कळव. मला आठवतो तो हात मी इथे लिहीत नाही. लिहिला तर तुलाही तोच दिसेल. बेव्हर्लीला विचारून झाले आहे. तिचे आणि माझे जुळले. तुझे तरी वेगळे निघू दे रे.