अंघोळीआधीची गोळी

१२ एप्रिल
आजही टँकर नाही. अंघोळ नाही, म्हणून चहा नाही, थायरॉईडची गोळीही नाही. तशीच उस्मानपुऱ्यातून कंपनीच्या बसनं चिकलठाण्याला. अंग जड, छातीत मात्र धडधड. निघताना आईनं सुनावलंच, "अण्णांनी अन् त्यांच्या लेकीनं सोवळं पाळायचं, अन् पाणी मी हुडकत फिरायचं."

१५ एप्रिल
तपासणीच्या टेबलावर एकच बुश, बोटभर लोखंडी नळी, पाचदा मोजला. माप तेच. तरी वाटत राहिलं, मी पास केलेला भाग कुणाच्या तरी गाडीत बसणार आणि...
शेजारच्या टेबलावरची सुनीता, करमाडची, हसली. "मॅडम, मोजून मोजून झिजवाल की त्याला. मग खरंच रिजेक्ट व्हईल."
सायंकाळी साहेबांनी बोलावलं. माझ्याकडे माल तुंबतो. मेअखेरपर्यंत बघतील, नाहीतर कायम करणार नाहीत.

२० एप्रिल
रिपोर्ट आला. थायरॉईडचं टीएसएच आणखी वाढलंय. डॉ.ना विचारलं, ही भीती थायरॉईडची की माझी? म्हणाल्या, थायरॉईड बिघडलं की मनावरही येतं. आधी ते ताळ्यावर आणू, मग उरेल ते बघू, त्यालाही उपचार आहेत. गोळी कधी घेतेस? अंघोळीनंतर, म्हटलं. पाणी नसेल त्या दिवशी? नाही घेत. चतुर्थीलाही नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं. उठल्या उठल्या, उपाशीपोटी, रोज. डोस तोच.
उरेल ते. डोक्यातून जाईना.

२१ एप्रिल
अंघोळीआधी तोंडात काही घालायचं नाही, ही अण्णांची शिकवण. चौथीपर्यंत मला शिकवलंही त्यांनीच, घरी, समोर पाटावर बसवून. आज धीर करून विचारलं, गोळी अंघोळीआधी घेतली तर चालेल?
गंध उगाळायचे थांबले. मग, "अगं, औषधाला कसलं सोवळं? मी बीपीची गोळी अंथरुणातच घेतो."
इतकी वर्षं एका घरात, मी कधी पाहिलं नाही.
"मला विचारायचं होतंस," एवढंच म्हणाले. दुखावले असावेत. पूजेत मध्येच थांबले, पुढचं आठवेना.

२२ एप्रिल
घेतली. तोंड धुऊन, उभ्यानं, चोरासारखी. दिवसभर काहीतरी वाईट होणार असं वाटत होतं. झालं नाही. अजून तरी.

१९ मे
नळाला आज पाणी आलं, आई खूश. मी एकही दिवस गोळी चुकवलेली नाही. झोप जरा बरी. भीती आहेच, पण डोळे उघडताच नसते, थोडी उशिरानं येते. जूनमध्ये रक्त तपासायचं. आकडा बरोबर निघाला आणि भीती राहिलीच, तर मग ती माझीच. त्यापेक्षा रिपोर्ट वाईट यावा, असंही एकदा मनात आलं. अण्णांना सांगितलं नाही.

२९ मे
साहेब उद्या सांगणार.
दुपारी एक बुश एकदाच मोजून ट्रेमध्ये ठेवला. सुनीता बघतच होती. "बरं हाय नं, मॅडम? लई लवकर सोडलं त्याला."
हात परत ट्रेकडे गेला होता. मागे घेतला.
मी घेतला, की गोळीनं?